आधी ऐकावे, मग नावडावे

उत्सवाचे दिवस जवळ आले की आमच्याकडे दोन प्रकारच्या मागण्या येतात. पहिली कीर्तनाची, ती स्वाभाविकच आहे. दुसरी अशी की, "बुवा, यंदा त्या डीजेवाल्यांना पूर्वरंगातच चार खडे बोल ऐकवा." ही दुसरी मागणी आम्ही आजवर मोठ्या उत्साहाने पुरवीत आलो. ती पुरविणे सोपेही असते. नारदांच्या गादीवर आम्ही उभे, समोर बहुतेक आमच्याच वयाची मंडळी, आणि ज्यांस बोल लावायचे ते तरुण मंडपाबाहेर मिरवणुकीच्या तयारीत गुंतलेले. अशा सभेत जय ठरलेलाच असतो. श्रोते माना डोलावतात, टाळ्या पडतात, आणि आपण संगीताची मोठी सेवा केली असे समाधान घेऊन आम्ही घरी जातो. गतवर्षी या समाधानास तडा गेला. तो कसा गेला, हे वाचकांपुढे ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

कृष्णाकाठच्या आमच्या क्षेत्री गणेशोत्सवात कीर्तन चालू होते. पूर्वरंगात आम्ही नित्याप्रमाणे म्हणालो, "हे यंत्रांचे नृत्यसंगीत म्हणजे सारी एकच धडधड! त्यात ना सूर, ना लयीचा विचार, ना एका गाण्याचा दुसऱ्याहून भेद." आरती झाली, बुक्का लावून झाला, आणि एक तरुण नमस्कारास आला. आमच्यापुढील ध्वनिक्षेपकाची सारी व्यवस्था त्याचीच होती. म्हणजे ज्याच्या यंत्रातून आम्ही यंत्रसंगीतास झोडपले, तोच हा. तो हळूच म्हणाला, "बुवा, राग मानू नका. पण तुम्ही ज्याला एकच धडधड म्हणालात, ते तुम्ही कधी बसून ऐकलंय का? मिरवणुकीत कानावर पडलं ते सोडून?"

आम्ही ऐकले नव्हते.

पूर्वपक्षाची शिस्त

हा प्रश्न दुसऱ्या कोणास विचारला असता तर त्याने तो हसण्यावारी नेला असता. आम्हांस तसे करता येईना, कारण आमचे अर्धे आयुष्य संस्कृत शास्त्रग्रंथ शिकण्यात आणि शिकविण्यात गेले आहे. त्या ग्रंथांची एक शिस्त आहे. ज्या मताचे खंडन करावयाचे ते मत आधी पूर्वपक्ष म्हणून मांडावयाचे, आणि ते असे मांडावयाचे की ऐकून प्रतिपक्षानेही म्हणावे, "होय, माझे म्हणणे हेच." त्यानंतर उत्तरपक्ष. पूर्वपक्ष न मांडता केलेले खंडन म्हणजे वाद नव्हे, नुसता वाचाळपणा. असे विद्यार्थ्यांस आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो, आणि गादीवरून स्वतः मात्र तेच करीत आलो.

शिवाय, "सगळे सारखेच" हे वाक्य आम्ही स्वतःच्या बाबतीत पुष्कळ ऐकले आहे. नारदीय कीर्तन आणि वारकरी कीर्तन यांत काय भेद आहे, असे परक्या माणसास विचारा. तो म्हणेल, दोन्हींत एक मनुष्य उभा राहून गातो आणि बोलतो. एकात पूर्वरंग व आख्यान, पेटी आणि तबला. दुसऱ्यात मागे टाळकऱ्यांची रांग, मृदंग, आणि एकाच अभंगाचे निरूपण, हे त्याच्या ध्यानीही येत नाही. त्याचे अज्ञान आम्हांस खटकते. मग आमचे अज्ञान त्या तरुणास का खटकू नये?

कार्तिक सरल्यावर तो रविवारी दुपारी आमच्याकडे येऊ लागला. लॅपटॉप आणि हेडफोन तो आणी, चहा आमच्या घरचा. त्याने एकच अट घातली: "आवडलं नाही तर खुशाल सांगा. पण का नाही आवडलं, तेही सांगा." आम्ही तीच अट त्यास उलट घातली. ते बरे झाले, असे पुढे आढळून आले.

ज्याची त्याची देशी

आमच्याच महाराष्ट्रात, देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने, तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. गीत, वाद्य आणि नृत्त या तिघांस मिळून तो संगीत म्हणतो. म्हणजे पाय थिरकविणारे ते हलके, असा भेद तेथे नाही. पुढे तो संगीताचे मार्ग आणि देशी असे दोन प्रकार करतो. ज्या त्या प्रदेशातील लोकांच्या रुचीप्रमाणे जे त्यांचे मन रंजविते ते देशी. या व्याख्येचा दिवा हाती घेऊन आम्ही या परक्या अरण्यात शिरलो, आणि ज्यास एकच धडधड समजत होतो तेथे निरनिराळ्या गावांच्या निरनिराळ्या देशी असल्याचे दिसू लागले.

पहिली 'हाउस'. ही अमेरिकेतील शिकागो शहरची. १९७७ साली तेथे 'वेअरहाउस' नावाचा नृत्यक्लब उघडला. फ्रँकी नकल्स हे तेथे तबकड्या वाजवीत, आणि त्या क्लबाच्या नावावरूनच या प्रकारास हाउस हे नाव पडले, असे सामान्यतः सांगितले जाते. तेथे येणारे बहुतेक जण कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाचे, त्यांतही समलिंगी तरुण पुष्कळ. ज्यांस अन्यत्र उंबरठ्याबाहेर ठेवले जाई असे. चार मात्रांच्या प्रत्येक मात्रेवर खर्जाचा ठोका, आणि त्यावर पुष्कळदा चर्चमधील भक्तिगीतांच्या वळणाचा खुला, आर्त कंठ. हा कंठ ऐकून आम्ही हेडफोन काढलाच नाही. आमची पहिली आवड ही ठरली. तरुण मात्र नाक मुरडून म्हणाला, "बुवा, हे फार गोडगोड आहे."

त्याची आवड 'टेक्नो'. शिकागोपासून काही तासांच्या अंतरावर मोटारींच्या कारखान्यांचे डेट्रॉइट शहर आहे. त्याच्या जवळच्या बेलव्हिल गावातील हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन या तीन शाळासोबत्यांची नावे या प्रकाराच्या प्रारंभी घेतली जातात. जर्मनीतील 'क्राफ्टवेर्क' या वाद्यवृंदाचे यंत्रवादन ऐकून त्यांचे कान घडले होते. पुढे १९८९ साली बर्लिनची भिंत पडली, ओस इमारती तरुणांच्या हाती आल्या, आणि १९९१ साली एका जुन्या दुकानाच्या तिजोरीघरात 'ट्रेझोर' हा क्लब निघाला. डेट्रॉइटचे रोप बर्लिनमध्ये असे रुजले की २०२४ साली जर्मनीने बर्लिनच्या टेक्नो-संस्कृतीस आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय सूचीत स्थान दिले.

आम्हांस टेक्नो कोरडा वाटला. आम्ही कारण सांगितले: "यात सूर पुढे जातच नाही. चार मिनिटे झाली, आपण आहोत तेथेच." त्यावर तो म्हणाला, "बुवा, इथं सूर बदलत नाही, सुराचा रंग बदलतो. तो ऐका." आम्ही पुन्हा ऐकले. तिसऱ्या रविवारी ते ध्यानात आले. एकच स्वर, पण त्याचे झाकण जणू हळूहळू उघडत जाते. आधी तो बंद ओठांतून यावा तसा, मग त्याच्या आतले बारीक नाद एकेक करून उजळतात. तंबोऱ्याच्या जव्हारीचा दोरा सारताना आम्ही नेमके हेच ऐकत असतो! येथे ती जव्हारी वादकाच्या बोटाखाली सावकाश फिरत होती. एवढे कळूनही टेक्नो आम्हांस प्रिय झाला, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु आता ती नावड आमची स्वतःची आहे. पूर्वीची होती ती उसनी.

मुंबईतील एक नवल

एके रविवारी त्याने आम्हांस एक कोडे घातले. 'ॲसिड हाउस' नावाचा एक प्रकार आहे. जपानच्या रोलँड कंपनीने १९८१च्या सुमारास 'टीबी-३०३' नावाचे एक लहान यंत्र काढले. एकट्या गिटारवादकास खर्जाची साथ मिळावी, हा त्याचा हेतू. त्या कामी ते फसले आणि १९८४ साली त्याचे उत्पादन थांबले. जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेल्या त्या यंत्राच्या कळा शिकागोच्या 'फ्यूचर' या त्रयीने भलत्याच फिरविल्या, आणि १९८७ साली त्यांच्या 'ॲसिड ट्रॅक्स'ने या प्रकारास नाव दिले. "आता सांगा," तरुण म्हणाला, "याच्या पाच वर्षं आधी हेच यंत्र घेऊन असं कुणी वाजवलं असेल?"

उत्तर होते मुंबई. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली हेच यंत्र, तालासाठी त्याचे भावंड 'टीआर-८०८' आणि स्वरांसाठी एक सिंथेसायझर घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. भैरवी, ललत, तोडी, यमन, मालकंस अशी ती नावे. तबकडीकडे त्या वेळी फारसे कोणी लक्ष दिले नाही. २०१० साली ती नेदरलँड्समधून पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा जगाने कान टवकारले. चरणजित सिंग २०१५ साली निवर्तले.

आम्ही ते मोठ्या अपेक्षेने ऐकले, आणि येथे आमचे व तरुणाचे मत पुन्हा फाटले. त्याच्या अंगावर रोमांच उभे राहिले. आम्हांस राग म्हणून ते उणे वाटले; रागास विसावा लागतो, आणि हा ठेका विसावू देत नाही. परंतु त्या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. आपल्या मींडेची ती दूरची नातलग म्हणावी. ती ऐकताना मान हलली, हे आम्ही लपवीत नाही.

अपेक्षा उलटल्या

खरा अपेक्षाभंग पुढेच होता. गोव्याचा 'ट्रान्स' आम्हांस आवडेल, असे दोघांनीही गृहीत धरले होते. हणजुणेच्या किनाऱ्यावर १९७०च्या दशकापासून जमणाऱ्या परदेशी मंडळींत हा प्रकार आकारास आला आणि १९९०च्या दशकात 'गोवा ट्रान्स' या नावाने इंग्लंड, इस्रायलपर्यंत पोहोचला. २०२३ साली निवर्तलेले मूळ कॅलिफोर्नियाचे 'गोवा गिल' हे त्यातील मोठे नाव. किनाऱ्याच्या उन्हात आणि धुळीत तबकड्या टिकत नसल्याने तेथे वादक ध्वनिफितींवर वाजवीत. रात्रभर चालणारे, पहाटेच्या प्रकाशाकडे नेणारे वादन, भिंतींवर ॐकार आणि शिवाची चित्रे. आम्हांस हे जवळचे वाटावे, यात नवल नव्हते.

पण तसे झाले नाही. ज्यात आमचे मंत्र ऐकू आले, तेच आम्हांस सर्वांत परके वाटले. मंत्र तेथे अर्थाने येत नव्हता, भाजीवर कोथिंबीर भुरभुरावी तसा येत होता. तरुणास हे पटले नाही. तो म्हणाला, "तिथं पहाटे पाचला नाचलेल्या माणसाला विचारा, अर्थ लागतो की नाही ते." त्याचे म्हणणे आम्ही नोंदवून ठेवतो, आमची नावड मागे घेत नाही.

आणि ज्याची आम्हांस धास्ती होती, तो सर्वांत वेगवान 'ड्रम अँड बेस' आम्हांस सर्वांत आवडला! ही १९९०च्या दशकातील लंडनची देशी. मिनिटाला एकशे सत्तरच्या आसपास ठोके. तिच्या मुळाशी बहुधा एकच तुकडा असतो. अमेरिकेतील 'विन्स्टन्स' या वृंदाने १९६९ साली, ख्रिस्ती भक्तिगीतावर बेतलेली 'आमेन, ब्रदर' ही रचना वाजविली. तीत सात सेकंदांचे नुसते ड्रमवादन आहे. तेवढाच तुकडा यंत्रात घालून, कापून, उलटापालटा करून या मंडळींनी हजारो रचना उभ्या केल्या. कायद्याचे मोजके बोल घेऊन तबलजी पलटे बांधतो, त्याच जातीची ही बुद्धी. वर तालाची लग्गी लागलेली आणि खाली खर्ज निम्म्या लयीत शांतपणे चाललेला. द्रुत आणि विलंबित एकाच आसनावर. ज्या ग्रेगरी कोलमन यांनी तो तुकडा वाजविला, त्यांस त्याचा मोबदला मिळाला नाही, आणि २००६ साली ते विपन्नावस्थेत वारले, हे ऐकून आम्हांस आपल्याकडील कित्येक साथीदार आठवले.

शेवटी आम्ही सहज विचारले, "मोठमोठ्या मैदानांतील उत्सवांत हजारो लोक हात वर करून नाचतात, ते कोणते?" तरुण तुच्छतेने म्हणाला, "ते ईडीएम. त्यात काय ऐकायचं? चढवायचं, थांबवायचं, आदळायचं. सगळं सारखंच."

आम्ही काही बोललो नाही. नुसते त्याच्याकडे पाहिले. क्षणभराने तो स्वतःच हसू लागला. "बुवा, धरलंत मला." पुढच्या रविवारी त्याने त्यातील काही रचना आणल्या आणि आम्ही दोघांनी त्या बसून ऐकल्या. दोघांसही आवडल्या नाहीत. परंतु त्यांचे एकमेकींतील भेद आम्हांस सांगता आले.

रुची आणि पीडा

रुचीचे अज्ञान आवरले नाही तर ते कोठवर जाते, याचे उदाहरण शिकागोतच आहे. १२ जुलै १९७९ रोजी तेथील बेसबॉलच्या मैदानावर, दोन सामन्यांच्या मध्यंतरात, डिस्को संगीताच्या तबकड्यांचा ढीग रचून तो स्फोटाने उडविण्यात आला. जमाव मैदानात घुसला, आणि दुसरा सामना होऊच शकला नाही. तेथे नुसती नावड नव्हती. ते संगीत ज्यांचे होते, त्या माणसांविषयीचा रागही त्यात मिसळला होता, असे पुढे अनेकांनी म्हटले आहे. इंग्लंडने १९९४ साली उघड्यावरील रात्रीच्या नृत्यमेळ्यांवर कायदा केला आणि पुनःपुन्हा येणाऱ्या ठोक्यांचे संगीत अशी त्यात व्याख्या घातली. ती व्याख्या कठोरपणे लावली तर आमचा रात्रीचा भजनाचा जागरही तीत सापडेल!

मग मिरवणुकीतील भिंतींविषयी आमची तक्रार संपली काय? मुळीच नाही. उलट आता ती नेमकी झाली आहे. आमचा आक्षेप प्रकारावर नाही, प्रमाणावर आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. तान्ह्या बालकाच्या खिडकीखाली, हृदयविकाराच्या रुग्णाच्या दारी काचा थरथरेपर्यंत वाजविलेले संगीत हाउस आहे की टेक्नो, की आमचे कीर्तन, हा प्रश्नच तेथे उरत नाही. ती रुची नव्हे, ती पीडा. पीडेस भिन्नरुचीचे पांघरूण घालता येत नाही, आणि नावडीस पीडेचे नाव देणेही तितकेच अन्यायाचे. या दोहोंची गल्लत आम्ही केली. तरुण तर आमच्याही पुढे गेला. "आवाज वाढवला की गाण्यातले बारकावेच मरतात," तो म्हणाला. "मंडळं मागतात म्हणून मी देतो. त्यात माझी चूक आहे."

त्याने आपली चूक कबूल केली, तेव्हा आम्हांसही आमची कबूल करणे प्राप्त होते. काही वर्षांपूर्वी परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या शेजारच्या एका मुलीने आमच्या कीर्तनाचा कर्णा दुसऱ्या दिशेस वळविण्याची विनंती केली होती. आम्ही तिला चार शब्द सुनावले होते. यंदा कर्णे नसतील; मंडपापुरताच आवाज राहील, असे ध्वनिक्षेपकवाल्यास आम्ही सांगून ठेवले आहे. अर्थात तो हाच तरुण.

कालिदासाच्या रघुवंशात, सहाव्या सर्गात, इंदुमतीचे स्वयंवर आहे. अंगदेशाच्या राजावरून ती दृष्टी काढून घेते आणि पुढे चालू लागते. तेथे कवी दोन गोष्टी स्पष्ट करतो. तो राजा वरण्यास अयोग्य नव्हता; आणि तिला पारख नव्हती, असेही नाही. लोकांच्या आवडी निरनिराळ्या असतात, एवढेच. हे शेवटचे वाक्य आपण सारे म्हणीसारखे वापरतो, पण त्यापूर्वीच्या दोन अटी विसरतो. तिने त्यास नीट पाहिले होते. पाहून मगच ती पुढे गेली.

आम्हीही आता पुष्कळ राजांपुढून पुढे जाऊ. पण पाहून जाऊ. यंदाच्या पूर्वरंगातून ते जुने खडे बोल आम्ही काढून टाकले आहेत. हा लेख ज्यांस पटणार नाही त्यांनी आमच्याविरुद्ध अवश्य बोलावे. मात्र आधी चार रविवार खर्च करावेत, एवढी प्रार्थना करून ही अक्षरसेवा येथेच पुरी करतो.